सिस्टरच्या चार कोंबड्या

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची सवय राहत नाही. डॉक्टरने हात पुढे केला की त्यात कात्री पडलीच पाहिजे. कुठली, कशाला, आत्ताच का, हे विचारायला तिथे कुणाला फुरसत नसते. म्हणूनच निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी थिएटरातल्या डॉक्टरीणबाईंनी दारात गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "सिस्टर, मी चालले लेकीकडे, कायमची. माझ्या चार कोंबड्या तुम्ही ठेवून घ्या, नाहीतर माझा माळी त्यांना संध्याकाळपर्यंत खाऊन टाकेल," तेव्हा सिस्टरच्या तोंडून आपसूक निघालं, "हो, बाई." गाडी वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातांत पुठ्ठ्याचं एक खोकं आहे आणि ते आतून कुरकुरतंय.

गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. वाणी म्हणे, पोस्टमन म्हणे, पलीकडच्या शिवणवाल्या वहिनी म्हणत. इतकंच काय, सख्खा थोरला भाऊसुद्धा तेच म्हणे, आणि सख्ख्या बहिणीला सिस्टर म्हणण्यात काही गंमत आहे हे त्याच्या गावीही नसे. हे दादा पेशाने ड्राफ्ट्समन. टाक्या, पूल, गोदामं यांचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. लोकांना त्याचं भारी कुतूहल, त्या दोघांना अजिबात नाही.

दोघं एका घरात राहत होते म्हणजे काय, तर एका कुलपाच्या दोन किल्ल्या दोघांकडे होत्या. सिस्टरची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रपाळी. दादांचं ऑफिस दहा ते सहा. एकजण आत येताना दुसरा बाहेर पडायचा. जे काही बोलणं व्हायचं ते साखरेच्या डब्याखालच्या चिठ्ठ्यांतून. 'गॅस संपत आलाय.' 'भाजी झाकून ठेवली आहे.' 'नळवाला उद्या येतो म्हणाला.' मग दादा निवृत्त झाले आणि घरामागच्या बागेत त्यांनी स्वतःला गाडून घेतलं. आठ वर्षांनी सिस्टरही निवृत्त झाल्या. पहिल्या दिवशी दोघं चहाला समोरासमोर बसले, तर बोलायला विषयच सापडेना. दादा म्हणाले, "ऊन पडलंय." सिस्टर म्हणाल्या, "हो ना." एवढ्यावर दोन महिने निघाले.

आता सिस्टरनी ते खोकं स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"कोंबड्या."

"कुणाच्या?"

सिस्टरनी जरा विचार केला. "आपल्या, बहुतेक."

दादांची बाग म्हणजे जमिनीवर उतरवलेला नकाशाच होता. दोरी ताणून वाफे आखलेले, घेवड्याच्या दोन रोपांमध्ये पट्टीने मोजलेलं अंतर, टोमॅटोच्या काठ्या एका उंचीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी कोंबड्यांना "जरा पाय मोकळे करू देत" म्हणून बागेत सोडलं आणि त्या दूध तापवायला आत गेल्या. दूध उतू जायच्या आत बाहेरून दादांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच ती. बाहेर येऊन बघतात तर कोबीच्या वाफ्यात खड्डा करून एक कोंबडी आडवी पडलेली, पंख पसरून, अंगावर माती उडवून घेत होती. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू ही जागा तिच्यासाठीच भुसभुशीत करून ठेवली होती. दुसरी ओळीने टोमॅटो चाखत होती; प्रत्येकाला एकच टोच, मग पुढचा. तिसरी आणि चौथी पाल्याखाली उकरत होत्या आणि माती पार वाटेवर येत होती.

"ही तुझी मंडळी," दादा म्हणाले, "उद्यापर्यंत इथून गेली पाहिजेत."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. पण न्यायच्या कुठे? आणि खरं सांगायचं तर मातीत लोळणाऱ्या त्या कोंबडीकडे बघून त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी हेवा वाटला होता.

दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला. चौथ्या दिवशी दादांनी जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली काढला. "जात नाहीत तर निदान बंदिस्त तरी राहू देत," असं पुटपुटत त्यांनी खुराड्याचा नकाशा काढला: पुढून, बाजूने, वरून. वारा कुठून येणार, पाणी कुठे निथळणार, सगळं बाणांनी दाखवलेलं. बारा दिवस करवत आणि हातोडा चालला. सुताराला हाक मारू या म्हटलं तर घरात भूकंप झाला असता, म्हणून सिस्टर मुकाट्याने खिळे पुरवत राहिल्या. त्यांना ते काम नवीन नव्हतं. खुराडं उभं राहिलं तेव्हा खरंच देखणं दिसत होतं. कौलाला उतार, दाराला कडी, आत बसायला तीन गुळगुळीत गोल नळ्या.

संध्याकाळी चारही कोंबड्या एकापाठोपाठ लिंबाच्या झाडावर चढून झोपल्या.

दादांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. सिस्टर शिडी घेऊन आल्या, एकेकीला काखेत मारून खाली उतरवलं आणि आत बसवलं. आत धडाधड आवाज झाले. दिव्याच्या उजेडात डोकावून पाहिलं तर चौघी जमिनीवर ढीग करून बसलेल्या.

"दादा, नळ्यांवरून पाय घसरतायत त्यांचे. चपटी, रुंद लाकडी पट्टी लागेल. पावलं पोटाखाली घेऊन बसता आलं पाहिजे."

"तुला काय माहीत?"

"टेबलावरचा पेशंट घसरला तर कुणाकडे बघतात? सिस्टरकडे."

दादांनी नळ्या काढून फळ्या बसवल्या. तरी पुढचे अकरा दिवस तिन्हीसांजेला शिडी, काखोटी, खुराडं हा कार्यक्रम चालू राहिला. बाराव्या दिवशी सिस्टर शिडी घेऊन पोचायच्या आत कोंबड्या आपल्या पायांनी आत जाऊन बसल्या होत्या. सिस्टर तशाच शिडी धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांची दगदग संपली याचा आनंद, की आपली गरज सरली याची चुटपुट, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

नावं ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. "वॉर्डात बेड नंबर असतो, तेवढा पुरे," म्हणत त्यांनी प्रत्येकीच्या पायात रंगीत प्लॅस्टिकचं कडं घातलं. एक नंबर राखाडी, थोराड, सगळ्यांवर हुकमत गाजवणारी. दाणे टाकले की तिचं पोट भरेपर्यंत बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. दोन नंबर तांबडी आणि भटकी. तीन नंबर साधी तपकिरी, सिस्टरच्या पायात पायात घोटाळणारी. चार नंबर पांढरी आणि भित्री, स्वतःच्या सावलीला दचकणारी. दादा म्हणत, "मला सगळ्या सारख्याच. चार पिसांचे गोळे."

कोंबडी पाळणं म्हणजे दाणे टाकायचे आणि अंडी उचलायची, असं ज्याला वाटतं त्याने एक महिना पाळून बघावी. पाण्याच्या भांड्यात माती. दाण्यांच्या भांड्यात पाणी. आज एक नंबर खुडूक होऊन रिकाम्या टोपलीवर ठाण मांडून बसलेली, हात लावला की चोच मारणारी, उद्या चार नंबरची पिसं इतकी झडलेली की दादा येऊन हळूच विचारणार, "ही जाते की काय?" अंडी ठरल्या जागी घालतील तर शपथ. एकदा आठवडाभर अंडीच दिसली नाहीत आणि मग पाण्याच्या टाकीमागे सतरा अंड्यांचा साठा सापडला. सिस्टरनी सगळी बादलीत सोडली. तरंगली ती टाकली, बुडाली ती ठेवली. उन्हाळ्यात खुराड्याच्या फटींतून तांबडे किडे निघाले तेव्हा मात्र सिस्टरना अंगात वारं भरल्यासारखं झालं. कमरेला फडकं बांधून त्यांनी फळी न् फळी उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, कोपरान् कोपरा ब्रशाने घासला. शेवटी दादा म्हणाले, "आता आत आपणच राहायला जाऊ या का?" भावाने केलेला विनोद त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो समजायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

दोन नंबरने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. एका सकाळी ती भिंतीवरून उडून पलीकडे उतरली. शिवणवाल्या वहिनींनी एका हॉटेलसाठी शिवलेले पांढरेशुभ्र पडदे अंगणात पसरले होते, आणि बाईसाहेब मातीच्या पायांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरफटका मारून आल्या. मागे ठसे, आणि ठशांखेरीज आणखीही काही. वहिनी कोंबडीला उलटी धरून दारात उभ्या.

"सिस्टर, आज संध्याकाळी माल द्यायचाय मला! काय करू मी आता? रांगोळी म्हणून खपवू?"

"पडदे इकडे आणा," सिस्टर म्हणाल्या. रक्ताचे डाग काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना कोंबडीचं काय. थंड पाणी, मग साबण, मग ऊन. गरम पाणी लावलं असतं तर डाग कायमचा बसला असता, हे त्यांनी वहिनींना समजावूनही सांगितलं. दुपारी चारला पडदे असे निघाले की वहिनी म्हणाल्या, "आधीपेक्षा पांढरे झालेत हो." राग गेला, तरी दम देऊन गेल्याच: "पण पुन्हा आली तर मी परत करणार नाही. सांगून ठेवते."

म्हणजे पंख कापणं आलं. सिस्टरनी दोन नंबरला कुशीत घट्ट धरलं आणि दादांच्या हातात कात्री दिली. एकाच बाजूची लांब पिसं कापायची, म्हणजे उडताना तोल जातो आणि भिंत पार होत नाही. आयुष्यभर केसाएवढी रेघ न चुकलेले दादा कात्री उघडून तसेच थांबले.

"तिला दुखेल गं."

"नखं कापल्यासारखं आहे. इथून, तिरकं. काप."

दादांनी कापलं. कोंबडी ढिम्म. दादांनाच घाम फुटला.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमाराला सिस्टर जरा आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात दादा चिखलाच्या पायांनी थेट आत आले. एरवी असं कुणी केलं असतं तर त्यांनीच त्याला बाहेर काढलं असतं.

"सिस्टर, तुझी तीन नंबर जरा बघ. मला ती बरी दिसत नाही."

चार पिसांचे गोळे म्हणणाऱ्या माणसाला तीन नंबर नेमकी कोणती हे कळत होतं, ही गोष्ट सिस्टरच्या मनात नोंदली गेली. पण त्या वेळी त्या लगबगीने बाहेर धावल्या. तीन नंबर कोपऱ्यात उभी होती. अंग फुगवलेलं, शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच तिचं सगळं अंग आकसायचं आणि पुन्हा सैल पडायचं. गेल्या आठवड्यात तिने दोनदा बिनकवचाचं अंडं घातलं होतं, पाण्याच्या पिशवीसारखं, आणि सिस्टर तेव्हापासून तिला शिंपल्यांचा चुरा घालत होत्या. त्यांनी तिला उचललं, पोटाखाली बोटं फिरवली. आत काहीतरी टणक लागलं.

"अडली आहे," त्या म्हणाल्या.

"कोण अडली?"

"ही. अंडं येत नाहीये. असंच राहिलं तर संध्याकाळपर्यंत संपेल ती."

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या माणसाने उचलला. डॉक्टर लांब कुठल्याशा गोठ्यावर गेलेले, सातशिवाय येत नाहीत. "कोंबडीच आहे ना बाई? मग एवढं काय? सुरी फिरवा आणि मोकळ्या व्हा." सिस्टरनी फोन ठेवला आणि त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. बाळंतपणाची अवघड ऑपरेशनं त्यांनी हजारांनी पाहिली होती. पण प्रत्येक वेळी टेबलाच्या त्या बाजूला कुणीतरी होतं. ठरवणारं ते, हातात देणाऱ्या या. आज त्या बाजूला कुणीच नव्हतं. हातपाय गाळून बसावं असं वाटलं खरं.

मागून दादा म्हणाले, "सांग, काय काय लागेल?"

त्यांनी वळून पाहिलं. दादांनी बाह्या कोपराच्या वर सरसावल्या होत्या.

"घमेलं. कोमट पाणी. खोबरेल तेल, ते गरम पाण्यात ठेवून पातळ कर. जुने टॉवेल, तीन-चार. आणि आधी हात धू. तसे नाही, कोपरापर्यंत."

घमेल्यातल्या कोमट पाण्यात तीन नंबरला बसवलं तेव्हा ती क्षणभर धडपडली आणि मग चक्क शांत झाली. दादा तिला दोन्ही हातांनी धरून उकिडवे बसले. गुडघे दुखत असणार, तरी हलले नाहीत. वीस मिनिटांनी सिस्टरनी बोटाला तेल लावलं आणि अंडं जिथून येतं त्या जागी अलगद फिरवलं. दुसऱ्या हाताने पोटावरून हळूहळू खाली. जोर लावायचा नाही. आत अंडं फुटलं तर खेळ खलास.

"घाई नाही," त्या कोंबडीला सांगत होत्या. "दम खा. हं, आता जरा जोर कर. शाब्बास. झालंच आता." हे शब्द त्यांचे नव्हते, डॉक्टरीणबाईंचे होते. आपल्या तोंडून ते इतके सहज निघतायत याचं त्यांना नवल वाटायलाही वेळ नव्हता.

"सिस्टर, टॉवेल!" त्या खेकसल्या आणि हात मागे केला.

दादांनी निमूटपणे टॉवेल हातात दिला.

तिला गुंडाळून, गरम पाण्याच्या पिशवीवर खोक्यात ठेवून, कोठीच्या खोलीतल्या अंधारात ठेवलं. आता थांबायचं. दादा कोठीच्या दारासमोर येरझाऱ्या घालू लागले. व्हरांड्यात अशा येरझाऱ्या घालणारे नवरे सिस्टरनी शेकड्यांनी पाहिले होते. त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या असत: बसून घ्या, आणि चहा प्या. त्यांनी दादांना दोन्ही सांगितल्या. दादांनी एकही ऐकली नाही.

तासाभराने पाहिलं, काही नाही. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेल. तीन नंबरची मान आता लुळी पडायला लागली होती. सिस्टरच्या बोटांना वाटलं, काहीतरी सरकलं. मग एक टोक दिसलं, पांढरट. ओढून काढायचा मोह इतका झाला की त्यांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. "तुझं तू कर, बाई," त्या कुजबुजल्या. तीन नंबरचं अंग एकदा शेवटचं आकसलं आणि भलंमोठं, खरबरीत, रक्ताची एक रेघ असलेलं अंडं सिस्टरच्या तळहातावर आलं. ऊन ऊन.

कोंबडी तशीच बसून राहिली, मग तिने डोळे उघडले, अंग झटकलं आणि दादांच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं. बाळंतीण सुखरूप."

दादा तिथेच ओल्या फरशीवर बसले. "आणि काय गं," ते थोड्या वेळाने म्हणाले, "मी कधीपासून सिस्टर झालो?"

आधी सिस्टरना कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. दादाही हसायला लागले. दोन पिकली माणसं, भिजलेले कपडे, घमेल्याच्या दोन बाजूंना बसून डोळे पुसत होती आणि मधे कोंबडी वाटीतलं पाणी पीत होती.

त्या संध्याकाळी दादांनी विचारलं, "तुझं काम रोज असंच असायचं का?" चौतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. सिस्टर सांगू लागल्या. पायाळू जन्मलेली जुळी, दिवे गेल्यावर बॅटरी धरून केलेलं ऑपरेशन, वाचलेली आणि न वाचलेलीही. न वाचलेल्या एका बाईची आठवणही त्यांनी सांगितली. त्या रात्रीबद्दल घरी येऊन त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी डब्याखाली नुसतं 'दूध आणलंय' एवढंच लिहिलं होतं. दादा ऐकत राहिले. मग त्यांनीही एक गोष्ट सांगितली. चार तासांच्या अंतरावर नदीवर एक पूल आहे, त्याच्या कमानींचं ड्रॉइंग त्यांच्या हातचं. तीन वेळा खोडून काढलं होतं. पण ऑफिसातल्या माणसाला साइटवर कोण पाठवतो? तो पूल त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"मग जाऊ या की," सिस्टर म्हणाल्या.

म्हणायला सोपं. तिन्हीसांजेला कोंबड्या आत घालून कडी कोण लावणार? बागेत मुंगूस फिरतं, एक दिवस दार उघडं राहिलं की कारभार आटोपला. तीन आठवडे याच एका प्रश्नावर खल चालला. शेवटी शिवणवाल्या वहिनीच म्हणाल्या, "मी बघते. त्यात काय मेलं अवघड आहे?" सिस्टरनी त्यांना सूचनांचा कागद दिला, पुढून-मागून भरलेला. दादांनी त्याला एक आकृती जोडली.

पहाटेची बस धरून दोघं गेले. पूल साधाच होता. ट्रक जात होते, खाली कोणी कपडे धूत होतं. दादा कठड्याला हात लावून कमानी मोजत राहिले, मग वाकून दगडाचा जोड बघितला आणि म्हणाले, "बरोबर केलंय. अगदी दाखवलं तसंच." सिस्टर त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मधूनच घड्याळ बघत होत्या, पण ते त्यांनी पदराआड ठेवलं होतं.

परत यायला काळोख पडला. फाटक उघडून दोघं आधी बागेतच गेले. खुराड्याची कडी लागलेली होती. शेजारी उलट्या बादलीवर वहिनी बसलेल्या, केसांत पालापाचोळा, हाताला ओरखडे.

"तीन गेल्या सरळ आत," वहिनी म्हणाल्या. "ती पांढरी भवानी मात्र लिंबावर. पाऊण तास मी हिला गोडीगुलाबीने समजावतेय. शेवटी चढले मी झाडावर! पंचवीस वर्षांत झाडावर चढले नव्हते हो."

"अरेरे, वहिनी, लागलं का फार?" सिस्टर पुढे झाल्या.

"लागू दे." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. त्यांचे डोळे चांगलेच चमकत होते. "पुन्हा कधी जाताय तुम्ही दोघं?"